शिफारस झाली, फाइल परत आली: अनुसूचित जमातीच्या यादीत नाव येण्याचा खरा रस्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका डोंगरी समाजाच्या संघटनेने विचारलंय: "शेजारच्या राज्यात आमचेच सोयरे अनुसूचित जमातीत आहेत, आमच्या राज्यात आम्ही नाही. बारा वर्षं निवेदनं, मोर्चे, उपोषणं झाली. राज्य सरकारने शेवटी शिफारस केली, पण दिल्लीहून प्रस्ताव परत आला. का परत आला ते कोणी नीट सांगत नाही. आता हायकोर्टात जावं की पुन्हा आंदोलन उभं करावं?"

आत्ता यातलं काहीच करू नका. मोर्चाने राज्य सरकार हलतं आणि ते काम तुमचं झालेलं आहे. फाइल ज्या टेबलावर अडली ते टेबल दिल्लीत आहे, आणि तिथे बसलेल्या माणसाला तुमच्या मोर्चाची गर्दी दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त राज्याने पाठवलेला अहवाल असतो. तो अहवाल कच्चा होता म्हणून फाइल परत आली असणार. बहुतेक वेळा तसंच असतं.

फाइलचा प्रवास आधी डोळ्यांपुढे आणा. राज्यघटनेच्या कलम ३४२ प्रमाणे पहिली यादी राष्ट्रपती काढतात. त्यानंतर तिच्यात एक नाव घालायचं किंवा काढायचं असेल तर संसदेचा कायदाच लागतो. मुख्यमंत्र्यांची घोषणा, मंत्रिमंडळाचा ठराव, शासन निर्णय यांपैकी कशानेही यादी बदलत नाही. हा कायदा होण्याआधी प्रस्ताव कुठून कुठे जातो हे केंद्राच्या १५ जून १९९९ च्या कार्यपद्धतीत ठरलंय, तिच्यात जून २००२ मध्ये दुरुस्ती झाली. राज्य सरकार शिफारस करतं. ती केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयात जाते. मंत्रालय ती भारताच्या महानिबंधकांकडे, म्हणजे जनगणनेचं काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे पाठवतं. तिथून होकार आला तरच फाइल राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोगाकडे जाते. आयोगही हो म्हणाला की केंद्रीय मंत्रिमंडळ, मग विधेयक, दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची सही आणि राजपत्र.

महानिबंधकांनी नकार दिला तर प्रस्ताव राज्याकडे परत येतो: अधिक समर्थन द्या किंवा फेरविचार करा. राज्याने समर्थन जोडून पुन्हा पाठवला आणि महानिबंधकांनी दुसऱ्यांदा नाही म्हटलं, तर केंद्र तो फेटाळण्याचा विचार करू शकतं. तुम्ही याच दोन पायऱ्यांच्या मधे उभे आहात. सगळं संपलेलं नाही, पण हातात नीट वापरायची एकच खेळी उरली आहे. महानिबंधकांच्या आक्षेपांना उत्तर न देता राज्याकडून "पुन्हा शिफारस" काढून घेणं ही या टप्प्यावरची सगळ्यात महाग चूक. आमदार खूश होतात, फटाके वाजतात आणि वर्षभरात दुसरा नकार येतो.

म्हणून पहिलं काम: आक्षेप काय आहेत ते कागदावर मिळवा. माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका, एक राज्याच्या आदिवासी विकास विभागाला, दुसरा केंद्रीय मंत्रालयाला. केंद्राचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "आमच्या प्रस्तावाचं काय झालं" असं विचारू नका, त्याला "विचाराधीन" एवढंच उत्तर येतं. कागदांची नावं घेऊन मागा: राज्याच्या मूळ प्रस्तावाची प्रत, सोबत जोडलेला मानववंशशास्त्रीय अहवाल, महानिबंधकांचे अभिप्राय आणि प्रस्ताव परत पाठवतानाचं पत्र. एका कार्यालयाने मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांचं कारण देऊन नाही म्हटलं, तर दुसऱ्याकडून बहुधा मिळतं. म्हणून अर्ज दोन. राज्याने नेमकं काय पाठवलं होतं हे बऱ्याच संघटनांना इथेच पहिल्यांदा कळतं, आणि कधीकधी ती दीड पानाची टिपणी निघते.

अभिप्राय हातात आल्यावर ते पाच निकषांच्या चौकटीत लावा. हे निकष १९६५ च्या लोकूर समितीचे आहेत: आदिम वैशिष्ट्यं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, बाहेरच्या समाजात मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण. ही भाषा आज कानाला खटकते आणि खटकलीच पाहिजे. संकोच हा जमातीचा गुण मानून मोजायचा, हा विचारच साहेबी काळातला आहे. निकष जुने झाले असं २०१४ मध्ये केंद्राच्याच एका कृतिगटाने म्हटलं होतं, तरी छाननी अजून याच फुटपट्टीने होते. फुटपट्टीशी भांडण वेगळ्या व्यासपीठावर करा. अहवालात तिच्या पाचही खुणांवर काहीतरी ठोस ठेवावंच लागतं.

ठोस म्हणजे काय ते गोव्यावरून पाहू. १९६८ च्या आदेशात गोवा, दमण आणि दीवसाठी पाच जमाती होत्या: धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली. यांची वस्ती मुख्यतः दमणकडे. प्रत्यक्ष गोव्याच्या डोंगरात आणि खाजन, म्हणजे भरतीचं पाणी बांधाने अडवून मिळवलेल्या, जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे गावडे, कुणबी आणि वेळीप त्यात नव्हतेच. परिणाम असा की २००१ च्या जनगणनेत सबंध गोव्यात अनुसूचित जमातीची माणसं सापडली ५६६. जानेवारी २००३ मध्ये दुरुस्ती कायद्याने ही तीन नावं यादीत आली आणि २०११ च्या जनगणनेत आकडा झाला १,४९,२७५, म्हणजे लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या वर. माणसं होती तीच, यादी बदलली. त्यामुळे "जनगणनेत आमची संख्याच दिसत नाही" याने हबकू नका. यादीत नाव नसेल तर संख्या दिसणारच नाही.

या समाजांकडे दाखवायला काय होतं? गावाचा मांड, म्हणजे सामाईक पवित्र अंगण, आणि त्यावर पौषात रात्री रंगणारे धालो, म्हणजे बायकांची नाच-गाणी. कुमेरी, म्हणजे डोंगर उतारावर फिरती नाचणी करण्याची जुनी पद्धत. जल्मी आणि वेळीप या त्यांच्यातल्याच मानकऱ्यांकडची गावदेवाची कामं, ब्राह्मण पुजाऱ्याशिवाय चालणारी. यातली प्रत्येक गोष्ट कोण करतो, कुठल्या वाड्यावर, कधी, आणि शेजारच्या जाती ती करत नाहीत हे कशावरून, असं लिहिलं तरच ती "वेगळी संस्कृती" ठरते. "आमची संस्कृती समृद्ध व निसर्गपूजक आहे" या वाक्याला छाननीत शून्य गुण. कुठलाही समाज ते स्वतःबद्दल लिहू शकतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढतो. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. गोव्यात हिंदू गावडे आहेत, ख्रिस्ती गावडे-कुणबी आहेत आणि १९२८ च्या शुद्धीनंतर ख्रिस्ती धर्मातून पुन्हा हिंदू झालेले नवहिंदू गावडे आहेत. तुमच्यातली काही घरं ख्रिस्ती किंवा मुसलमान असतील तर ती अहवालातून लपवू नका. लपवली की लोकसंख्येचा हिशेब जुळत नाही आणि संशय सगळ्या अहवालावर येतो.

गोव्यातली हुकलेली बाजूही बघा. चळवळीच्या महासंघाचं नावच गाकुवेध: गावडा, कुणबी, वेळीप, धनगर. पहिले तिघे २००३ मध्ये आत गेले, शेवटचा "ध" अजून बाहेर आहे. मागणी एकत्र केली म्हणून छाननी एकत्र होत नाही. प्रत्येक नावाची फाइल स्वतंत्र तपासली जाते.

आता शेजारच्या राज्यातल्या सोयऱ्यांचा मुद्दा. यादी राज्यवार असते, म्हणून "तिकडे आहे, इकडेही द्या" हा युक्तिवाद एकटा टिकत नाही. कुणबी हेच उदाहरण घ्या: गोव्यात अनुसूचित जमात, महाराष्ट्रात इतर मागासवर्ग. नाव एक, समाजाचा इतिहास वेगळा. नावसाधर्म्याला महानिबंधकांचं कार्यालय म्हणूनच दचकून असतं. पण नात्याचा पुरावा दिलात तर तोच मुद्दा वजनदार होतो. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातल्या गिरीपार भागातले हाटी पलीकडच्या, उत्तराखंडातल्या जौनसार-बावरकडे बोट दाखवत आले, तिथल्या लोकांना १९६७ मध्येच दर्जा मिळाला होता. हाटी हे एका जमातीचं नाव की परिसरातल्या अनेक जातींचं एकत्र नाव, या प्रश्नावर त्यांचा प्रस्ताव वर्षानुवर्षं अडला. शेवटी २०२३ मध्ये कायदा झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. तेव्हा कायद्याची प्रत हातात आली म्हणजे काम झालं, असंही नाही. तुमच्या बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दहा-पंधरा कुटुंबांच्या वंशावळी, लग्नसंबंध, समान कुळं आणि समान देवकं तक्त्यात मांडा. भाषणापेक्षा हा तक्ता जास्त बोलतो.

पुराव्यातला सगळ्यात कष्टाचा भाग जुन्या नोंदींचा. महाराष्ट्रातल्या गावांत गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात पडलेलं असतं. पान उघडलं की तारीख, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, गाव आणि जात असे रकाने दिसतात, बहुतेक मोडीत. खरी लढाई त्या जातीच्या रकान्यात असते. एकाच गावात एका लिहिणाऱ्याने पूर्ण नाव लिहिलंय, दुसऱ्याने दोन अक्षरांत उरकलंय, तिसऱ्याने धंदा लिहिलाय, चौथ्याने नुसतं "हिंदू". फक्त सोयीची पानं निवडून जोडू नका. एका गावाची सलग वर्षं घ्या आणि किती नोंदींत कोणतं नाव आलं ते मोजून लिहा, गैरसोयीच्या नोंदींसकट. मोडीचं लिप्यंतर अधिकृत वाचकाकडून करून घ्या आणि त्याशेजारी मूळ पानाची स्वच्छ छायाप्रत लावा. एका कान्याच्या चुकीने जातीचं नाव बदलतं. सोबत शाळेचे जनरल रजिस्टर, जुनी खरेदीखतं, हक्कनोंदीचे फेरफार. गोव्याच्या बाजूला पोर्तुगीजकालीन नागरी नोंदणी आणि चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं बघावी लागतात. प्रत्येक तालुक्यातून तीन-चार गावं आणि प्रत्येक गावातून पाच-सहा कुटुंबं एवढं सलग काम झालं तरी बाजू उभी राहते.

छापील साधनांत १९३१ ची जनगणना, मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, एन्थोवेनचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे खंड आणि विदर्भाकडच्यांसाठी रसेल-हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे खंड. छाननी करणारे हीच साधनं उघडतात, म्हणून तुम्ही आधी उघडा. तिथे तुमच्याविरुद्ध काही लिहिलं असेल, उदाहरणार्थ तुम्ही अमुक मोठ्या जातीची पोटशाखा आहात असं, तर ते गाळू नका. उतारा द्या आणि तो तुमच्या गावांना का लागू होत नाही ते नोंदींनिशी दाखवा.

आणि स्वतःच्याच समाजाचं जुनं छापील साहित्य तपासा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक समाजांच्या परिषदांनी "आपण मूळचे क्षत्रिय" असे ठराव केले, जानवी घातली, वंशावळी सूर्यवंशापर्यंत नेल्या. त्या काळी ती प्रतिष्ठेची धडपड होती. आज तीच पुस्तिका विरोधी पुरावा म्हणून पुढे येते. कोणी तरी ती शोधून काढणारच, तेव्हा अहवालात तिचा संदर्भ तुम्हीच देऊन ठेवा.

मागणीचा मसुदा करतानाही पाय घसरतो. तुमची मागणी नवीन नावाची आहे, की यादीतल्या नावाच्या पर्यायी उच्चाराची, की पोटजमातीची, हे एका वाक्यात ठरवा. छाननी प्रत्येकीची वेगळी होते. कर्नाटकात बेट्ट कुरुब हे काडु कुरुब या यादीतल्या नावाचं समानार्थी म्हणून २०२२ मध्ये आलं. तिथे "आम्ही तेच आहोत" हे सिद्ध करायचं होतं. नवीन नावासाठी उलट "आम्ही वेगळे आहोत" हे सिद्ध करावं लागतं. एकाच अर्जात दोन्ही म्हणणाऱ्या संघटना आहेत, आणि पाच-सात जादा नावं "असू द्या, उपयोगी पडतील" म्हणून जोडणाऱ्याही. जादा नावांमागे ज्यांचा पुरावा नाही अशा जाती येतात आणि त्यांच्यासोबत तुम्ही बुडता. लोकसंख्येचा आकडाही तसाच. वाडीवार मोजणी करा, जो येईल तो लिहा.

कोर्टाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिलिंद खटल्यात, नोव्हेंबर २००० मध्ये, हे दार बंद केलं. वाद हलबा-कोष्टींचा होता. "हलबा" या नोंदीत "हलबा-कोष्टी" येतात का, याचा पुरावा घेऊन कोर्ट ठरवू शकत नाही, यादी जशी आहे तशीच वाचायची, असा निकाल लागला. राज्याची जुनी परिपत्रकंही कामी आली नाहीत. पुढे "गोंड गोवारी" या नोंदीवर गोवारींनी नागपूर खंडपीठात २०१८ मध्ये बाजी मारली, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली. महाराष्ट्राच्या यादीतल्या "ओराँव, धनगड" या नोंदीतलं धनगड म्हणजे धनगरच, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली. मणिपूरमध्ये २०२३ मध्ये हायकोर्टाने मैतेई या तिथल्या बहुसंख्य समाजाच्या जमातीच्या दर्जाच्या मागणीवर शिफारस करण्याबाबत राज्याला निर्देश दिला, त्यापाठोपाठ राज्य पेटलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने स्वतःच तो परिच्छेद काढून टाकला. कोर्टाकडे फार तर एवढं मागता येईल की पडून असलेल्या प्रस्तावावर सरकारने ठरावीक मुदतीत निर्णय घ्यावा. तेही पुरावा तयार झाल्यावर, नाहीतर मुदतीत नकार पदरात पडेल.

विरोध कुठून येईल तेही ओळखून ठेवा. आधीपासून यादीत असलेल्या जमातींना आपला वाटा आटेल ही भीती असते आणि ती खोटी नाही. महाराष्ट्रात राज्याच्या नोकऱ्यांत अनुसूचित जमातींना ७ टक्के आहेत आणि त्यात वाटेकरी वाढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये धनगरांच्या समावेशाविरुद्ध आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्यात विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळही होते. तुमचा समाज लहान असेल तर शेजारच्या यादीतल्या जमातींच्या पंचांशी आधीच बसून बोला. ते "होय, हे आमच्यातलेच, डोंगरात आमच्या शेजारी राहतात" असं लेखी देत असतील, तर भौगोलिक अलगता आणि संस्कृती या दोन निकषांवर त्यापरता चांगला साक्षीदार नाही.

ग्रामसभांच्या ठरावांचे गठ्ठे अनेकजण जोडतात. वनहक्क कायद्यात ग्रामसभेला अधिकार आहे, इथे नाही. पाच-दहा ठराव पुरेत. वनहक्काचा विषय निघालाच आहे तर एक लक्षात ठेवा: दर्जा मिळेपर्यंत तुम्ही तिथे "इतर पारंपरिक वननिवासी" ठरता आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. त्यासाठी जमवलेले पुरावे या फाइललाही उपयोगी पडतात. दोन्ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे देऊन कागद विभागू नका.

एवढं जमलं की राज्याच्या आदिवासी संशोधन संस्थेकडे जा, महाराष्ट्रात ती पुण्यात आहे. राज्याने तिच्याकडून किंवा एखाद्या विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र विभागाकडून नव्याने क्षेत्रपाहणी करून घ्यावी, अशी लेखी मागणी करा आणि आक्षेपवार पुरावे त्यांच्या हाती द्या. संघटनेने छापलेला अहवाल कितीही चांगला असला तरी तो पक्षकाराचा अहवाल. संस्थेचे लोक पाहणीला येतील तेव्हा त्यांना सभागृहात नेऊ नका, हार-तुरे नकोत, खास बसवलेला नाच तर नकोच. रोजच्या वाडीवर न्या आणि म्हाताऱ्यांना बोलू द्या. शिकवून ठेवलेली उत्तरं दोन घरांतच ओळखू येतात.

शेवटचा इशारा तरुणांसाठी. प्रस्ताव चालू असताना कोणी एजंट "मिळत्याजुळत्या नावावर" जमातीचा दाखला काढून देतो म्हणाला तर हात लावू नका. पडताळणी समितीपुढे तो टिकत नाही. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा दाखल्यावरची नोकरी वाचत नाही. महाराष्ट्रात हजारोंना डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या तात्पुरत्या, पदांवर जावं लागलं. आणि समाजातल्या पन्नास जणांकडे दुसऱ्याच जमातीच्या नावाचे दाखले सापडले, की "तुमचं नेमकं नाव काय" हा महानिबंधकांचा पहिलाच प्रश्न तुमच्यावर उलटतो. माहिती अधिकाराचे दोन्ही अर्ज या आठवड्यात टाका. अभिप्राय हाती आले की त्यातले आक्षेप शब्दशः इथे लिहा, मग कोणत्या आक्षेपाला कोणत्या तालुक्यातून नोंदी काढायच्या ते ठरवता येईल.